‘परमिट रूम’मधले परमिट: औषध, दारू आणि एका कायद्याची गोष्ट

१/
महाराष्ट्रातील बहुतेक बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असे शब्द असतात. हे परमिट नेमके कशाचे, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. त्याचे उत्तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. या कायद्याच्या दृष्टीने दारू पिणे हा नियम नसून अपवाद आहे आणि त्या अपवादाचे मुख्य कारण ‘आरोग्य’ हे आहे. हा कायदा आजही लागू आहे. औषध कशाला म्हणायचे, व्यसन कशाला म्हणायचे आणि हे ठरवायचे कोणी, या प्रश्नांचा हा इतिहास. #थ्रेड

२/
सुरुवात एकोणिसाव्या शतकात होते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळणे, विकणे आणि ताडीची झाडे छेदणे या सर्वांवर इंग्रज सरकारचे नियंत्रण आले. गावोगावची लहान भट्टी बेकायदा ठरली आणि तिच्या जागी मोठ्या भट्ट्यांतील, कर भरलेली दारू आली. सरकारला लोकांच्या आरोग्याची चिंता होती म्हणून हे घडले नाही. हेतू महसुलाचा होता. मुंबई प्रांताच्या उत्पन्नात आबकारीचा वाटा पुढे सतत वाढत गेला.

३/
या धोरणाची झळ मोहाच्या फुलांपर्यंत पोहोचली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठवणुकीवर व विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा १८९२ मध्ये झाला. कारण उघड होते: मोहापासून घरच्या घरी दारू गाळता येत असे. परंतु आदिवासी कुटुंबांसाठी मोह हे वाळवून ठेवण्याचे अन्न होते आणि घरगुती औषधही होते. एकाच वस्तूचे अन्न, औषध आणि नशा असे तीन उपयोग असले, तर कायदा तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

४/
दारूविरोधी चळवळीचा जन्म याच पार्श्वभूमीवर झाला. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारू दुकानांना विरोध केला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. १९३० च्या सविनय कायदेभंगात गुत्त्यांपुढे उभ्या राहणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. दारूचा पैसा परकीय सरकारच्या तिजोरीत जात असल्यामुळे दारूबंदी हा नैतिक विषय होता, तसाच राजकीयही होता.

५/
१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. आरोग्य आणि आबकारी ही दोन्ही खाती एकाच व्यक्तीकडे होती: डॉ. मंचरशा धनजीभाई गिल्डर. ते मुंबईतील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ होते. पुढे १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमधील उपोषणाच्या वेळी गांधीजींवर देखरेख ठेवणाऱ्या डॉक्टरांतही ते होते. दारूबंदीची अंमलबजावणी एका डॉक्टरच्या हाती असणे लक्षणीय होते. दारू हा आता महसुलाबरोबरच सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला होता.

६/
१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ताडी-माडीच्या आणि दारूच्या व्यापारात अनेक पारशी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होती. डॉ. गिल्डर स्वतः पारशी असल्यामुळे त्यांना स्वसमाजाचा रोष पत्करावा लागला. बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसवला गेला, त्यामुळे मालमत्ताधारकही नाराज झाले. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा प्रयोग खुंटला.

७/
१९४६ मध्ये काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे गेले आणि त्यांनी दारूबंदीचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने रेटला. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. या कायद्याच्या कक्षेत दारूबरोबरच अफू आणि भांग-गांजा यांसारखे अमली पदार्थही होते. एका दशकापूर्वी आरोग्यमंत्र्यांकडे असलेला विषय आता प्रामुख्याने पोलिसांचा झाला.

८/
याच काळात दिल्लीत संविधान सभेचे काम चालू होते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी तेथे दारूबंदीवर चर्चा झाली आणि तिचे फलित म्हणजे आजचा अनुच्छेद ४७. लोकांचे पोषणमान, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे हा अनुच्छेद सांगतो. मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अमली पदार्थ यांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे त्यापुढे म्हटले आहे.

९/
ही तरतूद निर्विरोध संमत झाली नाही. कोल्हापूरचे प्रतिनिधी प्रा. बी. एच. खर्डेकर यांनी सभागृहात दारूबंदीविरुद्ध स्पष्ट भूमिका मांडली. जयपालसिंह मुंडा यांनी आदिवासींची बाजू मांडली: तांदळापासून बनवलेले पेय हा त्यांच्या धार्मिक विधींचा भाग आहे, त्यावर बाहेरून बंदी कशी लादता येईल? मार्गदर्शक तत्त्व हे राज्यावर सक्तीचे नाही, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी केला. तत्त्व सक्तीचे नव्हते. परंतु मुंबई राज्यात कायदा तयार होऊ लागला होता आणि तो मात्र सक्तीचा होता.

१०/
सगळी अडचण ‘औषधी उपयोग वगळता’ या शब्दांत दडलेली होती. अल्कोहोल हे उत्तम द्रावक आहे. वनस्पतींमधील जे घटक पाण्यात विरघळत नाहीत, ते अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून टिंक्चर, टॉनिक आणि अनेक पातळ औषधांत ते वापरले जाते. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे यांत अल्कोहोल बाहेरून घातले जात नाही, ते आंबवण्याच्या क्रियेत आपोआप तयार होते. द्राक्षासव किंवा अशोकारिष्ट यांच्या बाटलीत म्हणूनच थोडे अल्कोहोल असतेच.

११/
१९४९ च्या कायद्याने ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या अतिशय व्यापक केली होती. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी यांबरोबर अल्कोहोल असलेले किंवा अल्कोहोलचे बनलेले सर्व द्रव पदार्थ तिच्यात आले. शब्दशः अर्थ घेतला तर खोकल्याचे औषध, जखमेवर लावायचे टिंक्चर आणि ओ-द-कलोनची कुपी हे सगळे ‘मद्य’ ठरत होते. ते जवळ बाळगण्यास परवानगी लागणार होती. पळवाट राहू नये म्हणून विणलेल्या जाळ्यात औषधाचे कपाटही अडकले.

१२/
एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ-द-कलोन यांचाही समावेश होता. २२ ऑगस्ट १९५० रोजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या पीठाने कायद्यातील अनेक तरतुदी अवैध ठरवल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. संविधान लागू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले असताना नागरिकाच्या औषधाच्या बाटलीवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विचार करावा लागला.

१३/
‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या खटल्याचा निकाल २५ मे १९५१ रोजी लागला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला आणि कायद्याचा गाभा कायम ठेवला. परंतु अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने जवळ ठेवणे, विकत घेणे व वापरणे यांवरील बंदी अवाजवी ठरवून तेवढा भाग रद्द केला. लष्करी भोजनगृहांना आणि परदेशी नागरिकांना दिलेल्या सवलती भेदभावकारक आहेत, हा युक्तिवाद मात्र मान्य झाला नाही.

१४/
निकालानंतर चारच दिवसांनी, २९ मे १९५१ रोजी, कुलाब्यात एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपची धडक काही पादचाऱ्यांना बसली. अधिकाऱ्याच्या तोंडाला अल्कोहोलचा वास येत होता. आपण अल्कोहोलयुक्त टॉनिक घेतले होते, असे त्याचे म्हणणे होते. औषधी अल्कोहोल आता कायद्याबाहेर असल्यामुळे केवळ वासावरून गुन्हा सिद्ध होतो का, असा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ पर्यंत चाललेल्या या खटल्यात आरोपीच्या बाजूने निर्णय दिला: पोटात गेले ते औषध नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची होती.

१५/
सरकारने दोन उपायांनी उत्तर दिले. पहिला १९५२ च्या दुरुस्तीचा. मद्य म्हणून पिण्यास ‘अयोग्य’ असलेली औषधे, प्रसाधने, जंतुनाशके आणि स्वादार्क यांना कायद्यातून वगळण्यात आले. एखादे औषध पिण्यास योग्य की अयोग्य, यावर सल्ला देण्यासाठी तज्ज्ञांचे मंडळ नेमण्याची तरतूदही झाली. म्हणजे या मंडळापुढचा प्रश्न औषध रोग बरा करते का हा नव्हताच. कोणी ते नशेसाठी पिऊ शकेल का, हा होता. औषध पारखण्याची ही एक विलक्षण कसोटी होती.

१६/
दुसरा उपाय १९५९ मध्ये आला. संशयिताची डॉक्टरकडून तपासणी करून रक्ताचा नमुना घेण्याची तरतूद कायद्यात झाली. रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळले, तर ते औषधाचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्यात आली. न्यायालयाने सरकारवर ठेवलेले ओझे असे नागरिकाच्या खांद्यावर गेले. तपासणारा डॉक्टर आता उपचार करणाऱ्याबरोबरच फिर्यादी पक्षाचा साक्षीदारही झाला.

१७/
डॉक्टरची आणखी एक भूमिका होती, परवान्याची. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असे वैद्यकीयदृष्ट्या मान्य झालेल्या व्यक्तीला ‘हेल्थ परमिट’ मिळू शकत असे. परदेशी पाहुणे, पर्यटक आणि राजनैतिक अधिकारी यांच्यासाठी वेगळे परवाने होते. आकस्मिक आजारपणात घरात उपयोगी पडावी म्हणून ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन ठेवण्याचा ‘इमर्जन्सी’ परवानाही कुटुंबप्रमुखाला मागता येत असे. अपवादांची यादी लांबत गेली. तिच्यातील प्रत्येक नोंद मात्र कागदावर होती.

१८/
हे कागद कोणापर्यंत पोहोचू शकत होते? अर्ज लिहायचा, वैद्यकीय दाखला मिळवायचा, शुल्क भरायचे आणि परवाना मिळाला की ‘विदेशी मद्य’ या वर्गातली महाग बाटली विकत घ्यायची. गिरणीतून पाळी संपवून येणारा कामगार, गोदीतला हमाल, ताडी पिणारा कोळी किंवा मोहाची दारू गाळणारा वारली यांना ही वाट उपलब्धच नव्हती. कायद्याचे शब्द सर्वांसाठी एकच होते. त्यातला आरोग्याचा अपवाद मात्र परवडणाऱ्यांच्या ग्लासापुरता उरला.

१९/
उरलेल्यांसाठी हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर आणि आंबवलेले रसायन यांपासून खाडीकाठी, झोपडपट्ट्यांत आणि आडरानात दारू गाळली जाऊ लागली. मुंबईच्या गल्ल्यांतील ‘आंटीचा अड्डा’ ही याच काळाची देणगी. अनेक गरीब स्त्रियांसाठी तो उपजीविकेचा मार्ग होता. टोळ्यांसाठी तो भांडवल उभे करण्याचा मार्ग ठरला. वरदराजन मुदलियार याच्यासारख्या टोळीप्रमुखाचे साम्राज्य बेकायदा दारूच्या धंद्यावर उभे राहिले. या दारूत काय आहे, हे तपासणारी कोणतीही यंत्रणा नव्हती, कारण कायद्याच्या लेखी ती दारूच अस्तित्वात नसायला हवी होती.

२०/
तपासणी नसण्याची किंमत रसायनशास्त्र सांगते. दारूतले अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. मिथेनॉल हे त्याचे औद्योगिक भावंड. दिसायला तसेच आणि स्वस्त. यकृतात मिथेनॉलचे रूपांतर आधी फॉर्मल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात होते. हे आम्ल दृष्टीची मज्जा जाळते आणि माणूस दगावतो. यावरच्या उपचारांपैकी एक आहे शुद्ध इथेनॉल! ते यकृतातील त्याच विकराला गुंतवून ठेवते आणि मिथेनॉलचे विषात रूपांतर होण्याचा वेग मंदावतो. विषारी दारूच्या बळीला रुग्णालयात खरोखरच औषध म्हणून अल्कोहोल दिले जाऊ शकते.

२१/
१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले. तोच कायदा दोन राज्यांना वारसाहक्काने मिळाला. गुजरातने बंदी कायम ठेवली. तेथे हेल्थ परमिटची पद्धत आजही आहे. महाराष्ट्राने साठच्या दशकात बंदी शिथिल करण्यास सुरुवात केली. परवानाधारकांना बसून पिता येईल अशा जागा म्हणजे ‘परमिट रूम’. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची अधिकृत विक्री आखून दिली. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. म्हणूनच आजही मद्य बाळगण्यासाठी एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव परवाना असतो आणि त्याच्या मजकुरात आरोग्य राखण्याचे कारण टिकून आहे.

२२/
परवाना ही औपचारिकता झाली, तरी स्वस्त आणि बिनतपासणीच्या दारूचा प्रश्न मिटला नाही. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईच्या विक्रोळी परिसरात विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळी मृतांमध्ये बहुसंख्य कष्टकरी होते. वस्तुतः १९७३ नंतर त्यांना अधिकृत देशी दारू उपलब्ध होती. परंतु करामुळे ती महाग आणि हातभट्टी स्वस्त, हे गणित कायम राहिले. बंदीच्या काळात कागदाने घातलेली भिंत आता किमतीने घातली.

२३/
एवढ्यावरून दारूबंदीची मागणी चुकीची होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्या घरात मजुरी गुत्त्यावर संपते आणि मारहाण घरी येते, तेथील स्त्रीसाठी बंदी हा जगण्याचा प्रश्न असतो. गडचिरोलीत मोठ्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी झाली. पुढे महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान आले आणि अनेक गावांत स्त्रियांनी दुकान बंद करून दाखवले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये ती उठली. बंदीचा आग्रह आणि बंदीचे अपयश, दोन्ही तितकेच खरे आहेत.

२४/
या सगळ्यात एक प्रश्न दीर्घकाळ मागे राहिला: ज्याला दारू सुटत नाही, त्याचे काय? १९४९ च्या कायद्याच्या चौकटीत तो आरोपी असू शकत होता किंवा परवानाधारक. त्याला रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी समाजात सावकाश आली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्या वेळी निमित्त गर्दच्या व्यसनाचे होते; पुढे दारूच्या रुग्णांसाठीही ते आधार ठरले. व्यसन हा आजार आहे, हे तेथील कामाचे मूळ गृहीतक.

२५/
अनुच्छेद ४७ पुन्हा वाचला, तर त्याचा क्रम लक्षात येतो. आधी पोषण, मग राहणीमान, मग सार्वजनिक आरोग्य आणि त्यानंतर बंदी. मुंबई राज्याने शेवटच्या शब्दावर कायदा, पोलीस, रक्तचाचणी आणि परवाने यांचे मोठे बांधकाम उभारले. पहिल्या तीन शब्दांसाठी तितकी घाई झाली नाही. रिकाम्या पोटी बारा तास राबणाऱ्या माणसाला दारू का लागते, हा आरोग्याचा प्रश्न होता. त्याच्याजवळ परमिट आहे का, हा प्रश्न विचारणे सोपे होते आणि राज्याने तोच विचारला. परमिट रूमच्या पाटीवर तो आजही लिहिलेला आहे.
(समाप्त)